इंग्लंडच्या गावचर्चमधली जुनी स्मारकं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये मुलांकडे किंवा भावाबहिणीकडे आलेली मराठी माणसं लंडन, किल्ले, तळी असं सगळं बघून झालं की एखाद्या रविवारी गावातल्या दगडी चर्चमध्ये शिरतात. आत पाय ठेवला की गडबडायला होतं. फरशीवर नावं, भिंतींवर नावं, कोपऱ्यात चिलखत घालून झोपलेला कुणी सरदार. हे काय आहे आणि वाचायचं कसं, असे प्रश्न मग येतात. वरचेवर कानावर पडलेल्या अशा प्रश्नांची ही उत्तरं. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ही स्मारकं बखरीसारखी वाचावीत. मेलेल्याने ती लिहिलेली नसतात. ज्याने पैसे दिले त्याने ती लिहवून घेतलेली असतात.

पॅरिश चर्च म्हणजे नेमकं काय? ते कॅथीड्रलपेक्षा वेगळं कसं?

कॅथीड्रल म्हणजे बिशपचं आसन असलेलं मोठं चर्च. पॅरिश चर्च म्हणजे एका गावाचं किंवा पेठेचं. वसईकडचे ख्रिस्ती लोक पॅरिशला धर्मग्राम म्हणतात, तो शब्द इथे चपखल बसतो. चर्च ऑफ इंग्लंडकडे आज सुमारे १६,००० चर्च आहेत, त्यातल्या १२,००० हून अधिक इमारतींना कायद्याने वारसा म्हणून संरक्षण आहे. कॅथीड्रलमध्ये राजे आणि बिशप भेटतात. गावचर्चमध्ये जमीनदार, लोकरीचे व्यापारी, पाद्री, डॉक्टर, आणि नशीब असेल तर साधी माणसंही. त्यामुळे गावाचा इतिहास हवा असेल तर कॅथीड्रल सोडा, इकडे या.

स्मशान बाहेर असताना लोकांना चर्चच्या आत का पुरायचे?

वेदीच्या जितकं जवळ तितकं बरं, ही त्या काळची समजूत. मेल्यावर आत्मा थेट स्वर्गात जात नाही, मधे शुद्धीसाठी थांबतो, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्याची सुटका लवकर होते, असं मध्ययुगातले लोक मानत. मग ज्याला परवडेल तो वेदीपाशी जागा घेई, वर आपली मूर्ती करून ठेवी आणि पाद्र्याने आपल्या नावाने रोज मास, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, म्हणावा म्हणून जमीन लावून देई. देवळाला नंदादीपासाठी जमीन इनाम दिल्याचे शिलालेख आपल्याकडे आहेत, हिशोब साधारण तोच. अशा प्रार्थनांसाठी बांधलेल्या देणग्या १५४७ मध्ये सरकारजमा झाल्या, कारण नव्या प्रोटेस्टंट धर्मात मेलेल्यासाठी प्रार्थनाच बसत नव्हती. स्मारकं मात्र थांबली नाहीत. आधी ती म्हणत, 'माझ्यासाठी प्रार्थना करा'. नंतर म्हणू लागली, 'मी केवढा मोठा होतो बघा'. फरशीखाली पुरणं १९व्या शतकाच्या मध्यात आरोग्याच्या कारणाने बहुतेक बंद झालं. तोवर काही चर्चमध्ये उन्हाळ्यात काय वास येत असेल, याची कल्पना केलेली बरी नाही.

स्मारक जिथे आहे तिथेच माणूस पुरलेला असतो का?

नेहमी नाही. ऑक्सफर्डशरमधल्या बर्फर्डच्या चर्चमध्ये एडमंड हार्मनचं १५६९ चं स्मारक आहे. हा आठव्या हेन्रीचा न्हावी आणि खासगीतला नोकर. स्मारक त्याने जिवंतपणीच उभारलं, पण पुरला गेला शेजारच्या टेंटन गावात. त्या स्मारकावर पिसांचे मुकुट घातलेले दक्षिण अमेरिकेतले आदिवासी कोरलेत. ब्रिटनमधल्या त्यांच्या सर्वात जुन्या चित्रणांत याची गणना होते. न्हाव्याच्या स्मारकावर ॲमेझॉनचे आदिवासी का, याचं सर्वांना पटेल असं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. बहुधा कारागिराच्या हाताशी तसं छापील चित्र होतं आणि त्याला ते आवडलं.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण शेक्सपिअरचं. स्ट्रॅटफर्डच्या होली ट्रिनिटी या त्याच्या गावच्याच चर्चमध्ये २६ एप्रिल १५६४ ला त्याचा बाप्तिस्मा झाला आणि २५ एप्रिल १६१६ ला त्याला पुरलं. वेदीजवळची जागा त्याला नाटकांमुळे मिळाली असं वाटत असेल तर ते चूक. १६०५ मध्ये त्याने ४४० पौंड मोजून गावच्या धर्मपट्टीच्या वसुलीतला हिस्सा विकत घेतला होता. त्या गुंतवणुकीबरोबर ही जागा आली. भिंतीवर त्याचा अर्धपुतळा आहे. खाली फरशीवर जो दगड त्याचा मानतात त्यावर नाव नाही, नुसत्या चार ओळी आहेत : हे दगड राखील त्याचं भलं होवो, माझी हाडं हलवील त्याला शाप. जुन्या कबरी उकरून नव्यांना जागा करायची पद्धत होती, हाडं कोठारात टाकत, ही भीती त्यामागे होती. २०१६ मध्ये जमिनीला हात न लावता रडारने पाहिलं, तर कबर मीटरभरसुद्धा खोल नव्हती, आणि डोक्याच्या बाजूला कधीतरी उकरल्याच्या खुणा दिसल्या. कवटी चोरीला गेल्याची कुजबूज गावात फार जुनी आहे.

फरशीत बसवलेल्या पितळी आकृत्या कसल्या?

त्यांना इंग्रजीत नुसतं 'ब्रास' म्हणतात. तांबं आणि जस्ताचा मिश्र पत्रा कापून, त्यावर रेषा खोदून दगडात बसवायचा. हा पत्रा सोळाव्या शतकापर्यंत समुद्रापलीकडून, फ्लँडर्स आणि जर्मनीच्या बाजूने येई. दगडी मूर्तीपेक्षा स्वस्त, आणि फरशीबरोबर सपाट असल्याने वाटेत येत नाही. मधल्या वर्गाला दुसरं काय हवं?

सरेमधल्या स्टोक डॅबर्नन गावात सर जॉन डॅबर्ननचा ब्रास आहे. साडेसहा फुटांच्या आसपास उंची, हातात भाला, ढालीवर निळी मीनाकारी, आणि तो निळा अजून शाबूत आहे. बरीच वर्षं तो १२७७ चा आणि देशातला सर्वात जुना मानला जाई. आता अभ्यासक त्याला १३२० च्या दशकाजवळ ठेवतात. पाट्यांवर आणि जुन्या माहितीपत्रकांत मात्र अजून १२७७ दिसेल, फसू नका. एकाच ठिकाणी ढीगभर ब्रास बघायचे असतील तर केंटमधल्या कोबमला जावं. वेदीपुढे ते ओळीने मांडून ठेवल्यासारखे आहेत.

पितळ पुन्हा वापरता येतं, ही यातली खरी गंमत. १५३६ ते १५४० मध्ये मठ बरखास्त झाले, तेव्हा तिथले ब्रास उचकटून विकले गेले. कारागिराने पत्रा उलटा केला आणि पाठीवर नवा गिऱ्हाईक खोदला. आज दुरुस्तीसाठी एखादा ब्रास काढतात, तेव्हा मागच्या बाजूला कुणी विसरलेला मठाधिपती नाहीतर एखादी विधवा निघते. आपल्याकडे ताम्रपट घासून त्यावर नवा मजकूर कोरल्याची उदाहरणं आहेतच. धातू महाग असला की माणसं सगळीकडे सारखीच वागतात.

सरदाराने पायावर पाय टाकलाय, म्हणजे तो धर्मयुद्धाला गेला होता ना?

नाही. गावातला प्रत्येक हौशी वाटाड्या हे सांगतो, आणि ते खोटं आहे. साधारण १२५० ते १३५० या काळात मूर्ती तशी घडवायची शैली होती, एवढंच. धर्मयुद्धाला कधीच न गेलेल्यांचे पाय तिढलेले आहेत, आणि गेलेल्यांचे सरळ. पायाशी सिंह म्हणजे शौर्य आणि कुत्रा म्हणजे निष्ठा, हेही ढोबळपणेच घ्यावं. बायकांच्या पायाशी घंटा बांधलेलं लहान कुत्रं दिसतं, ते बहुधा खरोखरचं घरातलं लाडकं असणार.

हात मात्र नीट बघावेत. वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये रिचर्ड बोशाम, वॉरिकचा अर्ल, निजलाय. अर्ल हा तिकडचा एक मोठा सरदारी किताब. १४३९ मध्ये वारला. जोन ऑफ आर्कवर खटला चालला तेव्हा फ्रान्समधल्या रुआँचा किल्ला याच्याच ताब्यात होता. त्याची मूर्ती सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझची आहे. सगळे सरदार हात जोडतात. याचे हात जोडता जोडता थांबल्यासारखे अर्धवट उघडे आहेत आणि डोळे छताकडे लागलेत. त्याच्या नजरेच्या रेषेत वर बघा, तिथे मेरीची आकृती कोरलेली सापडेल. मूर्तिकाराशी केलेला करारनामा अजून उपलब्ध आहे, त्यामुळे हे योगायोगाने झालं असं कुणी म्हणू शकत नाही.

काही थडग्यांवर सडलेलं प्रेत का कोरलंय? मुलं घाबरली.

घाबरावं हाच हेतू. ऑक्सफर्डशरमधल्या यूएल्मला ॲलिस दे ला पोल हिचं थडगं आहे. कवी चॉसरची ही नात, सफकची डचेस, १४७५ मध्ये वारली. वर ती अलाबास्टर या मऊ पांढऱ्या दगडात राणीच्या थाटात पहुडलीय, डाव्या हातावर गार्टर या सरदारी सन्मानाचा पट्टा बांधलाय, भोवती देवदूत. खाली दगडी जाळीआड तिचंच प्रेत, हाडाला कातडी चिकटलेलं, केस मोकळे. ते बघायला जमिनीवर आडवंच व्हावं लागतं. लाज सोडून व्हावं. प्रेताच्या डोक्यावरच्या दगडात, खालच्या बाजूला, रंगवलेली धार्मिक चित्रं आहेत. उभ्या माणसाला ती दिसत नाहीत, ती त्या प्रेतानेच बघायची आहेत. असं मजल्यामजल्याचं काम बघितलं की मला आपले वीरगळ आठवतात : खाली लढाई आणि मरण, मधे अप्सरा घेऊन चाललेल्या, वर शिवलिंगाची पूजा. वीरगळावर माणूस वर वर चढतो. यूएल्मला नजर वरून खाली उतरते.

डर्बीशरच्या फेनी बेंटलीत याहून चमत्कारिक प्रकार आहे. टॉमस बेरेस्फर्ड (मृत्यू १४७३) आणि त्याची बायको ॲग्नेस पूर्ण कफनात गुंडाळलेत, डोक्याशी आणि पायाशी गाठ मारलेली. बाजूला त्यांची २१ मुलं, १६ मुलगे आणि ५ मुली, तशीच गाठोडी बनून ओळीने. थडगं मृत्यूनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी केलं आणि तोवर त्यांचे चेहरे कुणालाच आठवत नव्हते, म्हणून कारागिराने ही पळवाट काढली, असं सांगतात.

नाकं, हात, डोकी तुटलेली का असतात?

थोडं काळाने, थोडं शाळकरी पोरांनी, आणि बरंचसं धर्माने. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे देश प्रोटेस्टंट होताना, मूर्ती फुटू लागल्या, तशी थडगीही फुटू लागली. शेवटी १५६० मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीला जाहीरनामा काढावा लागला की चर्चमधल्या स्मारकांना हात लावू नका. स्मारकं म्हणजे वंशाचा पुरावा, आणि जमिनीचे दावे त्यावर चालत. राणीला बहुधा हीच काळजी जास्त.

दुसरी लाट राजा विरुद्ध संसद या यादवी युद्धातली. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउसिंग नावाच्या माणसाला संसदेच्या बाजूने केंब्रिजशर आणि सफकमधली मूर्तिपूजेची चिन्हं नष्ट करण्याचं काम मिळालं. त्याने अडीचशेच्या आसपास चर्च फिरून रोजनिशी लिहिली : आज अमुक गावी इतकी चित्रं फोडली, इतक्या खिडक्या, इतके शिलालेख. मोडतोडीची फी चर्चकडूनच घेई, ६ शिलिंग ८ पेन्स. त्याचा खरा राग एका वाक्यावर होता. 'ओराते प्रो आनिमा', म्हणजे 'याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा'. म्हणून त्या भागात ब्रासमधला माणूस धडधाकट आणि पायाशी फक्त दगडातला रिकामा खाचा, असं दिसतं. माणूस चालत होता, प्रार्थना चालत नव्हती.

ही थडगी अशी पांढरीफटक होती का?

नाही. गडद लाल, निळा, सोनेरी, चेहऱ्याला कातडीचा रंग. घड्यांच्या आत, कानामागे, उशीच्या गोंड्यांत अजून रंगाचे कण सापडतात. पांढरं म्हणजे अभिजात, ही अठराव्या शतकातली आवड. त्याच भरात १७९३ मध्ये शेक्सपिअरचा रंगीत अर्धपुतळा सफेद फासून टाकला होता. १८६१ मध्ये तो पुन्हा रंगवला.

लॅटिन येत नाही. आणि काही ठिकाणी सालाचे दोन आकडे का असतात?

तीन शब्दसमूह कळले तरी निम्मं काम होतं. 'हिक याचेत' म्हणजे इथे निजलाय. 'ओराते प्रो आनिमा' वर सांगितलंच. 'ओबीत' म्हणजे वारला किंवा वारली. धर्मसुधारणेनंतर इंग्रजी वाढत गेलं, विद्वानांनी मात्र लॅटिन सोडलं नाही.

सालाचं कोडं मराठी माणसाला खरं तर सोपं जावं. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. आपला पाडवाही त्याच सुमारास येतो. शके आणि इसवी सन जुळवताना जानेवारी ते मार्चमध्ये जी चूक होते, नेमकी तीच इथे होते. दगडावर '१० मार्च १६१८' असेल तर आजच्या हिशोबाने ते १६१९. त्या घोटाळ्यामुळे काही लोक '१६१८/१९' असं दुहेरी साल लिहीत. १७५२ मध्ये पंचांग बदलताना सप्टेंबरातले ११ दिवसही गाळले.

दगडावर कोरलंय म्हणजे खरं मानायचं का?

लेस्टरशरमधल्या बॉट्सफर्डला जा आणि स्वतःच ठरवा. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये वेदीसमोरची जागा रटलंडच्या आठ अर्लांनी अशी भरून टाकलीय की उपासनेला आलेल्या माणसाला अर्लांच्या मधून वेदी शोधावी लागते. दोघांची थडगी १५९१ मध्ये लंडनच्या साउथवर्कमधल्या जॉन्सन यांच्या कारखान्यात झाली आणि जहाजाने बोस्टन बंदरापर्यंत, पुढे गाड्यांतून आली. मूळ नेदरलँड्समधून आलेलं हे कारागीर घराणं. शेक्सपिअरचा अर्धपुतळाही त्याच घराण्याचा मानतात.

सहावा अर्ल फ्रान्सिस मॅनर्स १६३२ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर कोरलंय की दुसऱ्या बायकोपासून त्याला दोन मुलगे झाले, आणि ते दोघेही बालपणीच दुष्ट कृत्यांनी आणि चेटकाने मेले. चेटूक हा शब्द चर्चमध्ये, वेदीजवळ, दगडात. मागची हकीकत अशी. जोन फ्लॉवर आणि तिच्या मुली मार्गारेट आणि फिलिपा या अर्लच्या बीव्हर इथल्या वाड्यावर कामाला होत्या. मार्गारेटला कामावरून काढलं. पुढे अर्लचा थोरला मुलगा हेन्री १६१३ मध्ये वारला, दुसरा आजारी राहू लागला. काही वर्षांनी या तिघींना धरलं. जोन लिंकनच्या तुरुंगाकडे नेताना वाटेतच मेली. आपण दोषी असू तर हा पाव घशात अडको, असं म्हणून तिने घास घेतला आणि तो अडकला, अशी कथा तेव्हाच छापून विकली गेली. दोघी मुलींना मार्च १६१९ मध्ये लिंकनला फाशी दिलं.

आणि धाकटा मुलगा फ्रान्सिस? तो मेला मार्च १६२० मध्ये. चेटकिणींना लटकवून वर्ष झाल्यावर. दगडावर दोन मुलगे आणि चेटूक आहे, फाशीची तारीख नाही. फ्लॉवर मायलेकींची नावंही नाहीत. चर्चमध्ये शिरलेला परका माणूस अर्लचा पुत्रशोक वाचतो आणि हळहळतो. दगडाचं काम तिथे पुरं झालेलं असतं.

सगळेच इतके भयंकर नसतात. वॉरिकच्याच चर्चमध्ये फुल्क ग्रेव्हिलने स्वतःसाठी लिहिलंय : एलिझाबेथ राणीचा सेवक, जेम्स राजाचा सल्लागार, सर फिलिप सिडनीचा मित्र. सिडनी हा त्या काळचा कवी. मंत्रिपद, किल्ला, जमीनजुमला यांचा उल्लेख नाही. हे वाचून मात्र मी दर वेळी थोडा थांबतो.

बायका आणि मुलं स्मारकांत कशी दिसतात?

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या भिंतीवरच्या स्मारकांत नवरा-बायको समोरासमोर गुडघे टेकून, खाली डावीकडे मुलगे आणि उजवीकडे मुली, उंचीप्रमाणे. ज्या मुलाच्या हातात कवटी आहे ते आईबापांआधी गेलं. कापडात घट्ट गुंडाळलेलं तान्हं दिसलं तर ते महिनाभरही जगलं नाही असं समजावं. एकदा हे कळलं की त्या रांगा मोजवत नाहीत.

आणि ॲशबर्नची पेनेलोपी बूथबी. सहावं वर्ष पुरं व्हायच्या आधी १७९१ मध्ये गेली. शिल्पकार टॉमस बँक्सने तिला पांढऱ्या संगमरवरात कुशीवर झोपवलंय, हात गालाजवळ. दगडावर इंग्रजी, लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन अशा चार भाषांत मजकूर आहे. इंग्रजी ओळीचा आशय असा : अभागी आईबापांनी आपलं सर्वस्व या नाजूक नावेत ठेवलं, आणि ती पूर्ण बुडाली. हे शिल्प लंडनला प्रदर्शनात मांडलं तेव्हा शार्लट राणी रडली, असं सांगतात. मी रडलो नाही, पण माझ्याबरोबरच्या काकू बाहेर जाऊन बाकावर बसल्या.

भिंतीवर टांगलेल्या काळ्या तिरप्या पाट्या कसल्या?

चौकोन कोपऱ्यावर उभा केल्यासारखी लाकडी चौकट, मधे घराण्याचं चिन्ह. माणूस गेला की ती आधी घराच्या दारावर लावत, सुतक संपलं की चर्चमध्ये आणून टांगत. पार्श्वभूमीचा काळा रंग बघावा. बघणाऱ्याच्या डाव्या हाताची बाजूच काळी असेल तर नवरा गेला, बायको मागे राहिली. उजवी काळी असेल तर बायको गेली. सगळीच काळी असेल तर मागे जोडीदार नाही.

गरिबांचं काहीच नाही का?

पैसे देऊन केलेलं जवळजवळ नाही. पण भिंती आहेत. हर्टफर्डशरच्या ॲशवेलमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी खिळ्याने लॅटिनमध्ये ओरबाडलंय. १३५० साल, प्लेगने गाव साफ झालं, उरली ती रानटी, भ्रमिष्ट, गाळासारखी माणसं साक्षीला. खाली दुसरी नोंद १३६१ च्या प्रचंड वादळाची, जी आजच्या हिशोबाने जानेवारी १३६२ मध्ये पडते. कुणाचं नाव नाही. इंग्लंडमधल्या कुठल्याही संगमरवरी सरदारापेक्षा मला ही भिंत मोठी वाटते.

बर्फर्डला मे १६४९ मध्ये संसदेच्या सैन्याचा एक सेनापती क्रॉमवेल याने बंडखोर सैनिकांना चर्चमध्येच कोंडलं होतं, सुमारे ३४० जण. त्यातल्या अँथनी सेडलीने बाप्तिस्म्याच्या कुंडाच्या कडेला आपलं नाव, साल आणि 'कैदी' हा शब्द कोरला, चुकीच्या स्पेलिंगसह. १७ मे ला तिघांना गोळ्या घातल्या, त्यात तो नव्हता.

यांचा आपल्याशी, म्हणजे मराठ्यांशी, काही संबंध?

आहे, आणि तो केंटमधल्या विंगहॅम गावात सापडतो. तिथल्या चर्चमध्ये ऑक्झेंडन घराण्याचं १६८२ चं मोठं स्मारक आहे : गुबगुबीत बालदेवदूत, फळाफुलांचे हार आणि काळ्या बैलांची मुंडकी. ऑक्स म्हणजे बैल, नावावरची कोटी. याच घराण्यातला जॉर्ज ऑक्झेंडन जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता, शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा. त्याने वखार लढवून राखली. तो १६६९ मध्ये सुरतेलाच वारला आणि त्याची कबर तिथे आहे. त्याचा पुतण्या हेन्री म्हणजे आपल्या पुस्तकांतला हेन्री ऑक्झिंडेन, १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील. ज्याने गडावरचा तो सोहळा पाहिला त्याच्या घरची ही बैलांची मुंडकी. मराठी माणसाने लंडनहून दिवसाची वाट काढून जावं अशी ही जागा आहे.

श्रॉपशरच्या मोर्टन से गावात रॉबर्ट क्लाइव्ह पुरलाय. १७७४ मध्ये वारला, आत्महत्या केली असं बहुतेक मानतात. कबरीवर खूण नाही, आत एक पितळी पाटी आहे : 'हिंदुस्थानात पहिला', लॅटिनमध्ये.

हीच परंपरा बोटीतून मुंबईला आली. फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ च्या नाताळात उघडलं तेव्हा ते बेटावरच्या इंग्रजांचं साधं चर्चच होतं, कॅथीड्रल १८३७ मध्ये झालं. कोटाच्या ज्या दरवाजातून तिकडे जात तो चर्चगेट. आत गव्हर्नर जोनाथन डंकन (मृत्यू १८११) याचं लंडनमध्ये घडवलेलं स्मारक आहे. बनारस आणि काठेवाडात बालहत्या बंद केल्याचं श्रेय त्यावर कोरलंय. कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मेलेल्या हेन्री बॉवर्सची पाटीही तिथे आहे, कारण तो रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी होता. अंटार्क्टिकाच्या बर्फाची आठवण, वर पंखा फिरतोय, बाहेर हॉर्निमन सर्कलची रहदारी. एकदा आत जाऊन बघाच.

गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्यांची स्मारकं काढून टाकतात का?

सरसकट नाही. आत काहीही हलवायचं तर चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाची परवानगी लागते. डॉर्चेस्टरच्या सेंट पीटर चर्चमधल्या जॉन गॉर्डन (मृत्यू १७७४) याच्या पाटीवर जमैकातलं १७६० चं गुलामांचं बंड मोडल्याबद्दल त्याची स्तुती होती. २०२० नंतर ती झाकली गेली आणि पुढे संग्रहालयात हलवायला परवानगी मिळाली. उलट २०२२ मध्ये केंब्रिजच्या एका कॉलेजच्या प्रार्थनागृहातलं, गुलामांच्या व्यापारात पैसे गुंतवलेल्या रस्टॅटचं स्मारक हलवायला नकार मिळाला. माझं मत विचाराल तर दगड राहावा आणि शेजारी दुसरा लागावा. पण त्या बाकावर दर रविवारी मला बसावं लागत नाही, हेही खरं.

पहिल्या महायुद्धाच्या याद्या जवळजवळ प्रत्येक चर्चमध्ये का?

कारण प्रेतं घरी आली नाहीत. १९१५ मध्येच ती मायदेशी आणायला बंदी झाली. कबर नाही तर निदान नाव, म्हणून याद्या. ज्या गावातले सगळे परत आले अशी गावं इंग्लंड आणि वेल्स मिळून पन्नासच्या आसपास. काही चर्चमध्ये फ्रान्सच्या रणभूमीवरचा मूळ लाकडी क्रूसच आणून भिंतीला लावलाय. सॉमरसेटच्या मेल्समध्ये एडवर्ड हॉर्नरचा (मृत्यू १९१७) घोड्यावरचा पुतळा चर्चच्या आत आहे, चित्रकार मनिंग्जने केलेला, ल्युट्यन्सच्या चौथऱ्यावर. हा ल्युट्यन्स म्हणजे नवी दिल्लीचाच.

जाताना काय काळजी घ्यावी?

बरीच गावचर्च दिवसा उघडी असतात. बंद असेल तर दारावर चर्चवॉर्डनचा क्रमांक असतो, फोन केला की कुणी आजोबा किल्ली घेऊन येतात आणि तासभर बोलतात. उपासना चालू असेल तर मागे बसावं. पेटीत दोन-चार पौंड टाकावेत, छपराचा खर्च त्यातूनच निघतो. ब्रासवर कागद ठेवून मेणाच्या वडीने ठसा घ्यायचा असेल तर आधी विचारावं, बऱ्याच ठिकाणी फी असते आणि काही ठिकाणी मनाई. ब्रास सतरंजीखाली असेल तर सतरंजी उचलून बघायला हरकत नाही, पुन्हा तशीच घाला. आणि पितळेवर पांढरट डाग दिसले तर ते कुणी पेंट सांडलेला नाही. छपरात वटवाघळं राहतात, त्यांना कायद्याने संरक्षण आहे, आणि त्यांचं मूत पितळ खातं. म्हणूनच ती सतरंजी.